नऊ वर्षांच्या मुलीला पार्लरमध्ये न्यावं का? लग्न तोंडावर आलंय

पराटीवाली_माय

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी शेती. मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं लग्न आहे आणि माझी मुलगी करवली. वय नऊ, चौथीत आहे. मोठ्या जाऊबाई पुण्याला असतात. त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं की दोघींच्या मुलींचं सोबतच करायचं: आयब्रो, अप्पर लिप, फेशिअल, ब्लीच आणि केसांचं स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करणं. तालुक्याच्या पार्लरबाहेर 'छोटी करवली पॅकेज' असा बोर्डच लागलाय.

मुलगी स्वतःच मागे लागली आहे. ओठावर थोडी लव आहे, वर्गातले पोट्टे 'मिशीवाली' म्हणतात. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोट्टीले कायचं पार्लर?" आणि त्याच सासूबाई तिला रोज बजावतात, उन्हात नको फिरू, काळी पडशील. नवरा म्हणतो, तुम्ही बायका पाहून घ्या. मी मधल्यामध्ये.

खरंच काही नुकसान होतं का, की मी उगाच घाबरते? ज्यांना यातलं कळतं त्यांनीच सांगा. संस्कृतीवर भाषण नको, ते घरी भरपूर मिळतं.

संत्राबाग_वरुड

करू द्या हो ताई, घरचं लग्न काय रोज रोज येतं का! आमच्या पुतणीचं केलं होतं, फोटो मस्त आले. काही झालं नाही. लेकरांची हौस मोडू नये.

आरसा_दिग्रस

मी दिग्रसला घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. लग्नसराईवरच माझं वर्षाचं गणित बसतं, तेव्हा गिऱ्हाईक तोडायची मला हौस नाही, हे आधी लक्षात घ्या.

आधी त्या पॅकेजचं. नवरीचं मोठं काम घेतलं की सोबतच्या पोरींचं स्वस्तात, असा तो हिशोब. नवरीवर मालकीणबाई बसतात आणि लेकरं जातात शिकाऊ पोरीकडे. शिकाऊ पोरीचा हात लेकरांवरच बसवतात, कारण लेकरू कुरकुर करत नाही आणि आईला फरक कळत नाही. हे बोर्डवर लिहिलेलं नसतं.

फेशिअल म्हणजे स्क्रब, वाफ, मसाज, पॅक. हा सगळा खटाटोप तेलकट चेहऱ्यासाठी आणि बुजलेल्या छिद्रांसाठी. नऊ वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यातल्या तेलाच्या ग्रंथी जेमतेम जाग्या व्हायला लागलेल्या असतात, त्यांचं खरं काम वयात येताना सुरू होतं. ब्लॅकहेड नाही, काही नाही, मग मी काढू काय? नुसतं घासून कातडी लाल करायची आणि आईला म्हणायचं, पाहा कसा ग्लो आला.

ब्लीचनं कोणी गोरं होत नाही. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया चेहऱ्यावरची लव सोनेरी करतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो, बस. मोठ्या बायांनाही चुरचुरतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो; सकाळी ब्लीच आणि दुपारी वरातीत, असं केलं तर लग्नाच्या फोटोत तुमची लेक टमाट्यासारखी दिसेल. आणि घरगुती म्हणून लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडीवर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते कैक दिवस हटत नाहीत.

आता अप्पर लिप. केस काढले की दाट येतात म्हणतात, ते खरं नाही. ते दाट होतात वयानं, धाग्यानं नाही. पण धागा पाहिलाय का कसा चालतो? बऱ्याच ठिकाणी त्याचं एक टोक दातात धरतात, आणि तेच दोन पदर तुमच्या पोरीच्या ओठावरून फिरतात. लेकरं हलतात, कातडी चिमटते, मग पुरळ. त्यात काही लहान पोरांच्या चेहऱ्यावर मोत्यासारखे बारीक दाणे असतात ना, मधे खळगी असलेले, ते विषाणूचे असतात. एका दाण्यावरून धागा गेला की ओळीनं पसरतात. चपट्या चामखिळीचंही तेच. असा चेहरा दिसला की मी धागा हातातच घेत नाही.

मिशीवाली म्हणणाऱ्या पोट्ट्यांचा बंदोबस्त मात्र करा, वर्गशिक्षकांना सांगून. माझ्या खुर्चीवर अशी पोर बसली की मी विचारते, कोण म्हणालं गं? पुष्कळदा शाळेतलं कोणी निघतच नाही. मामी असते, आत्या असते. तुमच्या घरी रंगाचं काम आजी करतात, ते तुम्हीच लिहिलंय. आणि आपल्याकडे हे काही पार्लरपासून सुरू होत नाही. तान्ह्या बाळाला पिठाच्या गोळ्यानं घासतो आपण, अंगावरची लव जावी म्हणून. बाळ रडून लाल होतं, अंगावर पुरळ येतं, आणि म्हातारी म्हणते, कसं चिकनं झालं पाहा.

पोर खरंच रडत असेल, शाळेत जायला तयार नसेल, तर मी नाही म्हणणार नाही. लहान कैचीनं लव बारीक कापून देते. कातडी ओढायची नाही की काही लावायचं नाही. मात्र केस हनुवटीवर, गालावर जाडे काळे येत असतील, किंवा आठ वर्षांच्या आत काखेत केस, छाती भरणं असं काही दिसलं असेल, तर पार्लर राहू द्या, बालरोगतज्ज्ञाला दाखवा. ते हार्मोनचं असू शकतं.

आयब्रो? नऊ वर्षांच्या पोरीच्या भुवया कोण पाहतं!

पराटीवाली_माय

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. दाणे वगैरे काही नाहीत, केसही लवच आहे. पण खरी भांडणं स्मूदनिंगवरूनच आहेत. मुलीचे केस माझ्यासारखे कुरळे, विंचरताना रोज रडारड. जाऊबाई म्हणतात ते केरॅटिन असतं, म्हणजे प्रोटीन, नॅचरल.

आरसा_दिग्रस

केरॅटिन केसात असतंच, ते बाटलीतून जाऊन केस सरळ करत नाही. सरळ करतं त्यातलं दुसरं रसायन. कितीतरी बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड असतं, नाहीतर गरम इस्त्री फिरवली की तयार होणारं काहीतरी असतं. मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं दिसलं तर तेही त्याच घराण्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच फॉर्मल्डिहाइडला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय.

माझी खोली बारा बाय दहाची. इस्त्री केसावरून ओढली की पांढरी वाफ निघते, डोळ्यांत कांदा चिरल्यासारखं होतं, घसा धरतो. मी तोंडाला फडकं बांधून, दार उघडं टाकून, पंखा लावून मोठ्या बायांचं करते, आणि तेही हल्ली कमी केलंय. लेकरू त्या वाफेत तीन तास मान खाली घालून बसणार. आणि एवढं करून नवीन केस मुळाशी कुरळेच येतात. पोळ्यापर्यंत अर्धे सरळ, अर्धे कुरळे. मग पुन्हा करा.

कुरळे केस कोरडे विंचरूच नका. न्हाल्यावर ओले असताना, खोबरेल लावून, मोठ्या दातांच्या फणीनं, खालून वर. रडारड निम्मी होते. लग्नात दोन वेण्या घाला, मोगऱ्याचा गजरा माळा.

गोळी_औषध_पुसद

मेडिकल चालवतो, म्हणून एक भर घालतो. पार्लरपेक्षा मला जास्त भीती वाटते ती घरी येणाऱ्या ट्यूबची. लग्नाच्या महिनाभर आधी बाया येतात, "ते गोरं व्हायचं मलम द्या." त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, कुठे कातडीचा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोनही. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो, म्हणून आई खूश, मग तीच ट्यूब मुलीला. पुढे कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, उन्हात आग होते, आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे ज्या मिशीसाठी तुम्ही पार्लर शोधताय, ती ट्यूबनं आणखी वाढेल. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायचीच नसतात. मी देत नाही म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, ते जाऊ द्या.

दुसरं, विनालेबलच्या डब्या. २०२३ मधली अकोल्याची बातमी आठवते का? एकाच घरातल्या मायलेकींच्या किडन्यांना इजा झाली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि गोरं होण्याच्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा वापरायला बंदी आहे. चुकून मिसळला तरी चेहऱ्याच्या क्रीमसाठी मर्यादा दहा लाखात एक भाग. डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

भौ_नेरवाला

सगळे पोरींवरच बोलून राह्यले. आमचं पोट्टं सहावीत हाय, त्यानं सलूनमध्ये जाऊन समोरच्या झुपक्याले सोनेरी रंग मारून घेतला. माही बायको म्हणे, राहू द्या, आजकालची फॅशन हाय. शाळेत हेडमास्तरनं मलेच बोलावलं. त्याले आता काळा रंग मारून टाकू का?

आरसा_दिग्रस

भौ, काळा तर बिलकुल मारू नका, सोनेरीपेक्षा तो वाईट. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर राहते, पुढे कधीही डाय लावला की डोकं, डोळे सुजतात. युरोपात तर केसांच्या रंगाच्या खोक्यावर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापावंच लागतं. आपल्याकडच्या पाकिटावरही बारीक अक्षरात असतं, आधी थोडंसं लावून पाहा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. पाकीट फेकायच्या आधी कोण वाचतं! झुपका कापून टाका, केस वाढतात.

आणि त्यावरून आठवलं, पराटीवाली ताई, मेहंदीचं सांगायचं राहिलं. तुमच्या पोरीला मेहंदी जरूर काढा, पण 'दहा मिनिटांत काळी' वाला कोन नको. मेहंदीच्या पाल्यातून काळा रंग निघतच नाही. आधी नारिंगी, मग दुसऱ्या दिवशी तपकिरी. काळा झाला म्हणजे त्यात तेच डायचं रसायन. जत्रेतून असा कोन लावून आलेली एक पोर तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती, मेहंदी काढून द्या म्हणे. काढू काय, मेहंदी राहिलीच नव्हती. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत जी वेल काढली होती, ती पाना-फुलांसकट पाण्याच्या फोडांनी उठलेली. देठसुद्धा स्पष्ट दिसत होता. पोर हात झटकत होती, फुंकर मारा म्हणत होती. मी रिक्षात बसवून सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. फोड बसले, पण वेलीचा पांढुरका डाग खूप दिवस दिसायचा.

पाला वाळवून, वाटून, कपड्यानं गाळून, रात्रभर भिजवलेली मेहंदी काढा. वास हिरवा, गवतासारखा येतो. पेट्रोलसारखा आला तर टाकून द्या.

नेलपॉलिश लावा, हरकत नाही, फक्त नखं खायची सवय नसेल तर. लग्न झालं की पुसून टाका.

संत्राबाग_वरुड

आमच्या पुतणीला ब्लीचनंतर दोन दिवस गाल खाजत होते, ते आता आठवलं. मी लिहिलं होतं काही झालं नाही. असो.

पराटीवाली_माय

मुलीला सगळं वाचून दाखवलं. फोडांच्या वेलीवर तिनं तीन प्रश्न विचारले आणि मेहंदी आजीनं वाटलेलीच हवी म्हणाली. दोन वेण्या आणि गजऱ्यावर तडजोड झाली. ओठाची लव मी कैचीनं कापून दिली, तिनं आरशात पाहिलं आणि खेळायला पळाली. वर्गशिक्षिकेलाही भेटून आले. जाऊबाई रुसल्यात, त्यांच्या मुलीचं त्या करणारच. त्यांना स्मूदनिंगचं फॉरवर्ड केलंय, दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

एकच अडचण. दिरानं हौसेनं दोन्ही पुतण्यांच्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरलेत. पार्लरवाली म्हणते परत मिळणार नाहीत.

आरसा_दिग्रस

परत मागूच नका, कोणीही देत नाही लग्नसराईत, मीही देत नाही. तेवढ्या पैशात माणूस बदलून मागा. बोर्डवर करवलीचं वय लिहिलेलं नसेल. सासूबाईंना बसवा त्या खुर्चीत, फेशिअल करून घ्या त्यांचं, मालकीणबाईंच्या हातून. ब्लीच सोडून.