ज्येष्ठ गुंतवणूकदाराला विसर पडू लागला, तर सल्लागाराने कुटुंबाला कधी आणि किती सांगावे?

साताऱ्याचा वितरक

नमस्कार. मी साताऱ्यात गेली १४ वर्षे म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतो. सुरुवातीला ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला ती मंडळी तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. आज त्यांतील बहुतेकांनी पंचाहत्तरी गाठली आहे. परताव्याचे गणित मला जमते, परंतु या वयाच्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर कसे वागावे, हे मला कोणत्याही परीक्षेत कोणी शिकवले नाही. म्हणून एक प्रसंग सविस्तर मांडतो.

माझे एक गुंतवणूकदार निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ७८. मी त्यांना सर म्हणतो. त्यांच्या कपाटात प्रत्येक वर्षाची वेगळी फाईल आहे आणि फाईलच्या पाठीवर लाल शाईने वर्ष लिहिलेले असते. दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात तीन वेळा मला विचारले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज कोणत्या महिन्यांत जमा होते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी हे महिने एके काळी त्यांनीच मला सांगितले होते. त्या वर्षीच्या फाईलच्या पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला की ८ लाख रुपये ताबडतोब काढायचे आहेत आणि कारण विचारू नका. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. पोलीस असल्याचे भासवून कोणीतरी दोन दिवस त्यांना व्हिडिओ कॉलवर धमकावत होते आणि घरात कोणाला सांगितल्यास अटक होईल असे बजावत होते. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे त्यांना पटवायला दोन तास लागले. त्यानंतर आम्ही सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे वाचले.

दोन दिवसांनी बंगळूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला या प्रकाराची कल्पना नव्हती. त्याला फक्त वडिलांच्या सर्व गुंतवणुकीची यादी हवी होती. सरांनी मला अनेकदा सांगितले आहे की माझ्या हयातीत मुलांना आकडे कळू द्यायचे नाहीत. मी मुलाला काहीच सांगितले नाही, आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही. सरांचा शब्द पाळावा की त्यांचे रक्षण करावे? दोन्ही एकत्र साधण्याचा काही मार्ग आहे का?

पुण्यातील नोंदणीकृत सल्लागार

आपण मुलाला यादी दिली नाही, हे योग्यच केले. आपले कर्तव्य सरांशी आहे, त्यांच्या भावी वारसांशी नाही, मग तो वारस कितीही सज्जन असो. परंतु आकडे सांगणे आणि काळजी कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी सरांची लेखी परवानगी आजच घेता येते, कारण त्यांच्या बोलण्यात अजून सुसंगती आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते.

मी माझ्या प्रत्येक गुंतवणूकदाराकडून एक पानाचे संपर्कपत्र लिहून घेतो. त्यात तो स्वतः लिहितो की माझ्या प्रकृतीबद्दल, विसराळूपणाबद्दल किंवा माझी फसवणूक होत असल्याबद्दल सल्लागाराला शंका आली, तर त्याने अमुक व्यक्तीशी बोलावे. मात्र त्या व्यक्तीला माझ्या रकमा सांगू नयेत आणि तिच्या सांगण्यावरून कोणताही व्यवहार करू नये. ही शेवटची अट वाचली की बहुतेक ज्येष्ठांच्या मनातील अढी जाते. मुलांपासून आकडे लपवण्यामागे नेहमी अविश्वासच असतो असे नाही. अनेकदा ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, त्याला आता आपल्या हातून सूत्रे जातील याची भीती वाटत असते, आणि ती भीती आपण मान्य केली पाहिजे.

हे पत्र मी वयाची साठी झालेल्या सगळ्यांकडून घेतो. ७८ व्या वर्षी अचानक मागितले, तर 'माझे डोके चालत नाही असे याला वाटते' असा त्याचा अर्थ होतो. साठाव्या वर्षी मागितले, तर तो केवायसीसारखा आणखी एक कागद असतो. आपल्या बाबतीत ती वेळ टळली असली, तरी परवाची घटना हाताशी आहे. सरांना सांगा की त्या दिवशी आपण गावाला गेला असता, तर आपल्या जागी कोणाला बोलवायचे हे कोणालाच माहीत नव्हते.

भेटीच्या पद्धतीतही बदल करावा. मी सत्तरीपुढच्या माणसांना सकाळी दहाच्या सुमारास भेटतो, एका भेटीत एकच निर्णय ठेवतो, आणि निघताना मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले एक पान त्यांच्या हाती देतो: आज काय ठरले, काय ठरले नाही, पुढची भेट कधी. सही त्या दिवशी घेत नाही. दोन दिवसांनी फोन करून, काय ठरले होते ते त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावतो. सांगता आले नाही, तर व्यवहार थांबवून पुन्हा भेटतो. एकदा एका गृहस्थांनी माझ्या फोनवर शांतपणे सांगितले की असे काही ठरल्याचे मला आठवत नाही. त्यांची सही मी त्याच दिवशी घेतली असती, तर कायद्याने ती चालली असती, आणि मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपण वितरक आहात, म्हणजे पैसे फंडात राहिले की आपले कमिशन चालू राहते. उद्या एखाद्या खऱ्या गरजेसाठी सर पैसे काढू लागले आणि आपण थांबा म्हणालात, तर घरचे हाच प्रश्न विचारतील, आणि तो रास्त असेल. पैसे काढणे रोखण्याचा अधिकार आपल्याला नाहीच. आपण फक्त समोर बसून विचारू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी आपण का विचारले आणि सर काय म्हणाले, याची तारखेसह नोंद ठेवा आणि तिची प्रत सरांच्या फाईलमध्ये लावा.

आणि सरांच्या पत्नी? आपल्या संपूर्ण प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही.

निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

वरील शेवटच्या प्रश्नाला धरूनच लिहितो. काउंटरमागे बसून मी सर्वाधिक हताश चेहरे पाहिले ते पतीच्या निधनानंतर महिनाभराने पहिल्यांदा बँकेत आलेल्या स्त्रियांचे. खाते संयुक्त आहे एवढे त्यांना माहीत असते. परंतु व्यवहाराचा अधिकार कोणत्या प्रकारचा आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

मुदत ठेव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला) असली, तर मुदत संपल्यावर हयात असलेल्या ठेवीदाराला रक्कम सहज मिळते. मात्र एकाच्या मृत्यूनंतर ती ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर दोघांनी आधी तसा संयुक्त आदेश लिहून दिलेला नसल्यास मृताच्या इतर वारसांची संमती मागितली जाते. दवाखान्याचे बिल समोर असताना परदेशातील मुलाची संमती मागवणे म्हणजे काय, हे मी पाहिले आहे. तो आदेश देण्यासाठी एक साधा अर्ज पुरतो, पण सही दोघांची लागते आणि दोघेही असतानाच ती होऊ शकते. सल्लागाराचा बँकेच्या ठेवीशी संबंध नसतो असे म्हणून हे टाळू नये.

हात थरथरू लागल्यामुळे सही जुळत नाही, अशी तक्रार या वयात नेहमीची असते. ग्राहकाला सही करणे शक्य नसेल, तर अंगठ्याचा ठसा चालतो, आणि तो दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील ग्राहकांना रोख रक्कम, चेकबुक यांसारख्या मूलभूत सेवा घरपोच देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच दिली आहे. ग्राहकाने मागितल्याशिवाय शाखेतून हे क्वचितच सांगितले जाते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. जुन्या ठेवींवर कित्येकदा दिवंगत आईचे किंवा वडिलांचेच नाव असते, ते एकदा तपासून घ्यावे.

एक मुलगी, कोल्हापूर

मी सल्लागार नाही. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. आपला प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते.

आम्ही वेळेत शहाणपणा केला असे आम्हाला वाटत होते, कारण बाबांनी माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले होते. निदान झाल्यावर मी ते घेऊन बँकेत गेले, तेव्हा मला समजले की ज्या दिवशी त्याची खरी गरज निर्माण झाली, त्याच दिवशी त्याचा आधार गेला होता. अखेर बाबांच्या पैशातून बाबांचेच औषधपाणी करण्यासाठी मला पालक म्हणून नेमणूक मागायला उच्च न्यायालयात जावे लागले. त्या काळात रात्रंदिवस लागणाऱ्या मावशींचा पगार आम्ही माझ्या नवऱ्याच्या पगारातून दिला.

दुसरी गोष्ट याहून जास्त टोचते. बाबा ७४ वर्षांचे असताना कोणीतरी त्यांना दहा वर्षे हप्ता भरायची विमा पॉलिसी विकली. तिचा लिफाफा मला पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, न फोडलेला, चौथ्या महिन्यात सापडला. पॉलिसी परत करण्याची मुदत तोवर उलटून गेली होती. आता ती ३० दिवसांची आहे. त्यांच्या म्युच्युअल फंडांचे काम पाहणारे गृहस्थ त्या काळात दोनदा घरी येऊन गेले होते. त्यांनी नंतर मला सांगितले की काका थोडे गोंधळलेले वाटले होते, पण घरच्यांना कसे सांगावे हे कळले नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्यांनी मला एक फोन केला असता, तर!

सरांच्या घरी जाल तेव्हा कृपया त्यांच्याशीच बोला. बाबांच्या शेवटच्या वर्षांत सगळे माझ्याकडे बघून विचारत असत, 'यांना समजते का?' बाबा समोर बसलेले असत आणि त्यांना ते समजत असे.

वकील, मुंबई

कोल्हापूरच्या ताईंना जो अनुभव आला, त्याचे कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये आहे: मुखत्यारी देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारी संपते. काही देशांत त्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नेमलेला प्रतिनिधी उपचारांबाबत निर्णय घेऊ शकतो, पैशांबाबत नाही. म्हणून या संपूर्ण चर्चेत महत्त्वाचा आहे तो आजचा दिवस, जोवर सरांना समजते आहे. हिशेबाचे कामकाज चालू राहावे यासाठी संयुक्त धारणा (दोघांच्या नावे गुंतवणूक), आणि मालमत्ता मोठी असल्यास खासगी न्यास (ट्रस्ट), हे दोन पर्याय कुलमुखत्यारपत्रापेक्षा भक्कम ठरतात.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज सल्लागारांनीच दूर करावा. शेअर आणि रोख्यांच्या बाबतीत नामनिर्देशन वारसा कायद्याला मागे टाकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र करावे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सरांच्या वयात त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून ठेवल्यास पुढचे अनेक वाद टळतात. मात्र आपण स्वतः साक्षीदार किंवा मृत्युपत्राचा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) होऊ नये.

न्यू जर्सीहून

माझे आईवडील ठाण्यात असतात आणि मी येथे गुंतवणूक क्षेत्रातच नोकरी करतो. येथे फेब्रुवारी २०१८ पासून असा नियम आहे की खाते उघडताना प्रत्येक ग्राहकाला विश्वासू संपर्क व्यक्तीचे नाव विचारण्याचा रास्त प्रयत्न ब्रोकर संस्थेने करावा. ६५ वर्षांवरील ग्राहकाची फसवणूक होत असल्याची सबळ शंका असेल, तर संस्थेला पैसे काही दिवस रोखून धरता येतात. पुण्याच्या सल्लागारांनी लिहिलेले संपर्कपत्र हे याच पद्धतीचे आहे. नाव देणे ग्राहकाच्या मर्जीवर असते; विचारणे मात्र ब्रोकरला टाळता येत नाही. माझ्या आईवडिलांना आजवर कोणी विचारलेले नाही, आणि मी स्वतःही विचारले नव्हते.

साताऱ्याचा वितरक

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी दहा वाजता सरांकडे गेलो होतो. या वेळी मी काकूंनाही बसायला सांगितले. पुण्याच्या सल्लागारांनी बरोबर ओळखले: चौदा वर्षे त्या मला चहा देत आल्या आणि मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता, जरी निम्म्या फोलिओंवर (फंडातील खात्यांवर) दुसरे नाव त्यांचेच आहे.

संपर्कपत्राचा मसुदा सरांनी दोनदा वाचला. त्यातील एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली, आणि रकमा न सांगण्याची अट त्यांनी स्वतःच्या हाताने अधोरेखित केली. संपर्क म्हणून त्यांनी मुलाऐवजी सांगलीच्या मुलीचे नाव लिहिले, कारण ती दोन तासांत येऊ शकते. मुलाला फोन मी त्यांच्या समोरूनच लावून दिला. 'मी सल्लागारांना परवानगी दिली आहे, यादी माझ्या कपाटात आहे आणि ती तुमच्या आईला दाखवणार आहे,' एवढेच ते बोलले.

ठेवींच्या संयुक्त आदेशासाठी बुधवारी आम्ही तिघे बँकेत जाणार आहोत. काकूंनी यादी पाहून विचारले, की यातले दर महिन्याला नेमके कोठून किती येते. मी तोंडी सांगू लागलो, तेव्हा सरांनी मला थांबवले, त्यांना वही दिली आणि म्हणाले, 'त्यांना लिहून घेऊ द्या.' लिहायला पाऊण तास लागला. पाचव्या ओळीवर, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेपाशी, सरांनी महिने विचारले, आणि काकूंनी वहीतून वाचून दाखवले.