गांडूळखत आणि रोगजंतू: उष्णतेचा मुद्दा

'गांडूळखत हेही शेवटी कंपोस्टच, त्यामुळे त्यातील रोगजंतू उष्णतेने मरतातच' असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कंपोस्टचा ढीग काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिला की साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोटाचे आजार करणारे जिवाणू नष्ट होतात हे खरे. पण आपल्या गांडूळखताच्या पेट्यांतील आयसेनिया फेटिडा ही गांडुळांची जात साधारण ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाही, म्हणजे गांडुळे सुखाने नांदत आहेत तिथे ती उष्णता नसतेच.

तरीही हे खत धोकादायक ठरवण्याची घाई नको. फ्लोरिडातील ऑरेंज काउंटीत मैल्याच्या गाळावर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मुद्दाम रोगजंतू मिसळलेल्या गाळात गांडुळे सोडल्यावर १४४ तासांत साल्मोनेला, आतड्यांतील विषाणू आणि जंतांची अंडी गांडुळे नसलेल्या वाफ्यापेक्षा बरीच अधिक घटली. मात्र तिथे दीड किलो गाळामागे एक किलो गांडुळे होती. घरच्या पेटीत एवढी दाटी कोण ठेवतो? म्हणून कोंबडीखत किंवा मांसमच्छीचे उष्टे आधी वेगळ्या ढिगात तापू द्यावे, निवल्यावरच गांडुळांना द्यावे. मला खरी काळजी वाटते ती पेटीखाली निथळणाऱ्या पाण्यात गूळ घालून ते कोथिंबिरीवर फवारण्याच्या सल्ल्याची, कारण गुळावर उपयुक्त जिवाणूंबरोबर उरलेसुरले ई. कोलायही वाढतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो.