तुमचा पहिला कॉम्प्युटर: काम जपून कसं ठेवायचात?

माळा आवरताना सव्वापाच इंची फ्लॉप्यांची, म्हणजे काम साठवायच्या पातळ चकत्यांची, चळत सापडली. एकीत मावायचं ३६० केबी! १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. १० एमबीची डिस्क आली ती १९८३ च्या एक्सटी या त्यांच्याच पुढच्या मॉडेलबरोबर. त्या दिवसांत ज्यांनी ही यंत्रं हाताळली त्यांनी लिहा.

*

शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते. १९८७, मी आठवीत. चपला दाराबाहेर, एका मशीनवर तिघी. मेमरी ३२ केबी. फ्लॉपी आमच्या हाती मिळायची नाही, म्हणून प्रोग्रॅम वहीत. ओळींना नंबर १०, २०, ३० असे, म्हणजे मध्ये १५ घुसवता यायचा. एकदा मैत्रिणीचं बोट ब्रेकच्या कळीवर पडलं आणि पडदा कोरा. अर्ध्या तासाचं काम! मला रडूच फुटलं. बाईंनी ओ-एल-डी टाइप करून रिटर्न दाबलं, मग लिस्ट. सगळ्या ओळी जशाच्या तशा परत. प्रोग्रॅम मेमरीतच होता. बाईंचा तो शांत चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे.

*

मामाने मस्कतहून ४८ केबीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आणला. पडदा टीव्हीचा, साठवण कॅसेटवर. लोड होताना टेपमधून कर्कश आवाज, पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे, आणि पाच मिनिटांनी 'टेप लोडिंग एरर'. की पुन्हा पहिल्यापासून. कोरी कॅसेट नव्हती म्हणून मी आईच्या भावगीतांवर प्रोग्रॅम साठवला. ती एका शब्दाने बोलली नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

*

सीएंच्या ऑफिसात एक्सटी होता. बंद करण्याआधी 'पार्क' कमांड द्यायची, डिस्क वाचणारं हेड तिच्यावर आपटू नये म्हणून. विसरून उठलं की साहेब जिन्यातून परत बोलवायचे. बरोबरच होतं त्यांचं, वर्षभराचे हिशेब त्यात होते.

*

१९९० च्या सुमारास मी पुण्यात एका छापखान्यात होते. आमच्या पीसीत भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड बसवलं. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे ते सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने पुण्यात वाढवलं. डॉसवर, म्हणजे पीसीच्या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, मराठी! डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. वीज कधीही जायची, म्हणून दर परिच्छेदाला सेव्ह. खिळे जुळवण्यात उभं आयुष्य गेलेले एक काका माझ्या मागे येऊन थांबले. क, पाय मोडायची कळ, ष, आणि पडद्यावर क्ष. "परत कर," म्हणाले. मी चार वेळा केला.