घरून जेस्टोर, सायन्सडायरेक्ट उघडत नाही. आणि ‘वारकरी’ शोधलं तर हाती फार थोडं लागतं

नीराकाठ यांचा प्रश्न:

पीएचडीची नोंदणी विद्यापीठात, संशोधन केंद्र एका अनुदानित महाविद्यालयात, आणि मुक्काम दोन्हींपासून लांब. विषय आहे पंढरीच्या वारीवर १९५० नंतर इंग्रजीत झालेलं लेखन. जेस्टोर, सायन्सडायरेक्ट अशा संशोधन-लेखांच्या साइटवरचा जो लेख विद्यापीठाच्या वायफायवर सहज उघडतो तोच घरी आल्यावर डॉलरमध्ये पैसे मागतो. प्रकाशकाच्या साइटवर स्वतःचं खातं काढूनही फरक पडत नाही.

दुसरी अडचण शोधण्याची. शीर्षकात ‘वारकरी’ शोधलं तर इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेखसुद्धा येत नाही. पूर्ण मजकुरात शोधलं तर निम्मं भलतंच येतं. शोधण्याची काही रीत आहे का, की शब्द बदलत बसायचं?

कपाट क्र. ७ यांचं उत्तर:

वायफायवर लेख उघडतो तो तुमच्या नावावर नाही, विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावर. प्रकाशकाकडे त्या पत्त्यांची यादी असते. घरच्या इंटरनेटचा पत्ता त्या यादीत नसतो, म्हणून तिथे ओळख पटवावी लागते. तुम्ही काढलेलं खातं फक्त वैयक्तिक आहे; त्यात आवडते लेख साठवता येतील, वर्गणीचा हक्क मिळणार नाही.

तुमच्यासाठी रस्ते दोन आहेत. पहिला विद्यापीठाचा. १ जानेवारी २०२५पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तीत येतात, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतली विद्यापीठं, महाविद्यालयं, संशोधन संस्था तिचे लाभार्थी आहेत. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळं सांभाळणाऱ्या केंद्राकडे. घरून शिरायचं ते ‘इन्फेड’च्या, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेच्या लॉगिननं, आणि ते लॉगिन तुमचं विद्यापीठ देतं. दुसरा रस्ता महाविद्यालयाचा: ‘एन-लिस्ट’. ही महाविद्यालयांसाठीची वेगळी योजना, तिचं वेगळं नाव-पासवर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडून मिळतं. दोन्ही काढून ठेवा, कारण दोन्हींत मिळणारी नियतकालिकं सारखी नाहीत.

ग्रंथालयात अर्ज करताना ‘इन्फेडचं लॉगिन’ हाच शब्द वापरा. ‘ई-रिसोर्सेसचा पासवर्ड’ म्हटलं की बऱ्याचदा पुस्तकांच्या सूचीचा, म्हणजे कोहाचा पासवर्ड हाती पडतो, आणि त्यानं एकही लेख उघडत नाही. सोबत नोंदणीपत्र, ओळखपत्र आणि मार्गदर्शकांची सही न्या, म्हणजे दुसरी खेप वाचेल.

लॉगिन हाती आल्यावर प्रकाशकाच्या पानावर ईमेल विचारणारी चौकट सोडून द्या. ‘अ‍ॅक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन’ किंवा ‘इन्स्टिट्यूशनल लॉगिन’ असा दुवा शोधा. तो कधी वर कोपऱ्यात असतो, कधी पैसे मागणाऱ्या चौकटीच्या खाली. तिथे संस्थेचं नाव टाइप करायचं. यादीत नाव नोंदवलेल्या इंग्रजी रूपातच असतं, म्हणून गावाचं नाव आधी घालून सापडलं नाही तर ‘युनिव्हर्सिटी ऑफ’ लावून पाहा. काही प्रकाशक आधी फेडरेशन, म्हणजे अशा लॉगिनसाठी एकत्र आलेल्या संस्थांचा गट विचारतात. तिथे भारताचं इन्फेड निवडा. मग विद्यापीठाचं लॉगिन पान येतं, आणि तिथून तुम्ही परत लेखावर येता. परत आल्यावर पानाच्या माथ्यावर तुमच्या विद्यापीठाचं नाव दिसतं का ते बघा. नाव नसेल तर पीडीएफवर टिचक्या मारत बसण्यात अर्थ नाही.

नेहमी अडतं ते इथे:

लॉगिनचं पान बुकमार्क करून ठेवलं की पुढच्या वेळी ‘स्टेल रिक्वेस्ट’ असा निरोप येतो. ते पान त्या एका फेरीपुरतं तयार झालेलं असतं, शिळं झालं की चालत नाही. बुकमार्क लेखाचा करा, लॉगिनचा नको. पहिल्यांदा चुकून दुसरीच संस्था निवडली असेल तर ब्राउझर ती लक्षात ठेवतो आणि दर वेळी तिथेच नेऊन सोडतो. त्या साइटच्या कुकीज पुसा किंवा खासगी विंडोत उघडा. फोनवर फुकटचं व्हीपीएन चालू असेल तर आधी ते बंद करा.

आणि सगळं बरोबर करूनही १९७४चा लेख उघडला नाही तर दोष तुमचा नाही. वर्गण्या बहुधा अलीकडच्या वर्षांच्या असतात. सायन्सडायरेक्टवर साधारण १९९५पासून, स्प्रिंगरवर १९९७पासून. त्याआधीचे अंक प्रकाशक वेगळे विकतात.

जेस्टोर तुमच्या विद्यापीठाकडे आहे का हे ग्रंथालयातच विचारा. नसेल तर जेस्टोरच्या वैयक्तिक खात्यावर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर फुकट वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, आणि सगळीच नियतकालिकं त्यात नाहीत, पण तुमच्या विषयाचं बरंच काम तेवढ्यात भागेल. जेस्टोरवर ताजे अंक मात्र शोधू नका. बहुतेक नियतकालिकांचे शेवटच्या तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतात.

तळटीप यांचं उत्तर:

शोधाबद्दल. कर्व्यांचा लेख ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’च्या नोव्हेंबर १९६२च्या अंकात आहे: खंड २२, अंक १. शीर्षक ‘ऑन द रोड: अ महाराष्ट्रियन पिल्ग्रिमेज’. त्यात वारकरी नाही, पंढरपूर नाही, विठोबाही नाही. शीर्षकात शोधून तो सापडणार कसा? स्कोपससारखी सूची शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यातच बघते, आणि त्या काळच्या लेखांना बहुधा सारांशच नसतो. म्हणजे मानव्यविद्यांतलं जुनं लेखन तिथे आपोआप गळतं. जेस्टोर पूर्ण मजकूर बघतं, म्हणून तिथे भलतंही येतं. तुमच्या विषयाला सुरुवात जेस्टोरपासून, स्कोपस शेवटी.

आपल्या शब्दांची खरी गोची रोमन लिपीत आहे. वारकरी कोणी व्ही-नं लिहितो, कोणी डब्ल्यू-नं. ज्ञानेश्वर जे-एन-नं, डी-एन-वाय-नं आणि जी-वाय-नं, तिन्ही प्रकारे सापडतात. विठ्ठलात एक टी, दोन टी, मध्ये एच असलेला, नसलेला. पंढरपूरच्या शेवटी यू असेल किंवा दोन ओ. ‘इथे कुठलंही अक्षर चालेल’ असं सांगणारा तारा (*) किंवा प्रश्नचिन्ह पहिलं अक्षरच बदलतं तिथे कामाला येत नाही, कारण जेस्टोर शब्दाच्या सुरुवातीला ते चालवून घेत नाही. सगळी रूपं ‘ऑर’नं (OR) जोडावी लागतात. ‘ऑर’ आणि ‘अँड’ (AND) कॅपिटल अक्षरांतच लिहा.

मी तीन टोपल्या करायला सांगेन. पहिलीत पंथ: वारकरीची दोन्ही रूपं, शेवटी तारा लावून, म्हणजे अनेकवचनही येईल. दुसरीत देव आणि गाव: विठोबा, विठ्ठल, पंढरपूर, सगळ्या रूपांसह. तिसरीत कृती: ‘पिल्ग्रिम’ला तारा, आणि पालखी. पालखीला एच नसलेलं रूप जोडलंत तर राजेमहाराजांच्या आणि साहेबांच्या पालख्याही येतील, ते रूप सोडून द्या. प्रत्येक टोपलीला स्वतंत्र कंस. मग पहिली टोपली एकटी चालवा. नंतर दुसरी ‘अँड’ तिसरी. तिन्ही ‘अँड’नं जोडायचा मोह होतो, पण एखाद्या टोपलीतला एकही शब्द नसलेले लेख नेमके तिथेच गळतात.

कंस टाळू नका. ‘अँड’ आधी की ‘ऑर’ आधी याचा क्रम प्रत्येक डेटाबेसचा वेगळा असू शकतो. बिनकंसाची ओळ एकीकडे ४० लेख देईल, दुसरीकडे ४,०००, आणि दोन्ही ठिकाणी चूक कुठे झाली ते कळणार नाही.

भलतं कमी करायला अंतर बांधा. जेस्टोरवर दोन शब्द एकाच अवतरणचिन्हांत लिहून पुढे लहरी रेघ (~) आणि १० लिहिलं की ते शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असलेलीच पानं येतात. पंढरपूर आणि पिल्ग्रिमेज या जोडीवर हे करून पाहा. ज्या लेखात पंढरपूर फक्त तळटिपेत एका जिल्ह्याच्या यादीत आलंय, ते निघून जातील.

अजून एक खोच: उच्चारचिन्हं. अभ्यासक ‘आ’साठी ए-वर आडवी रेघ देतात, ‘ठ’साठी टी-खाली टिंब. स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला ती रेघ भलतंच अक्षर वाटते, आणि शब्द मजकुरात असूनही शोधात येत नाही. यावर उपाय शब्दांत नाही, माणसांत आहे. गूगल स्कॉलरवर कर्व्यांचा लेख काढा, त्याखाली ‘साइटेड बाय’ दाबा, आणि वरच्या ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’च्या चौकोनात खूण करून पंढरपूर टाका. वारीवर इंग्रजीत लिहिणारा या लेखाला वळसा घालून सहसा जात नाही, त्यामुळे पुढच्या साठ वर्षांचं लेखन इथून उलगडत जातं.

शोधताना ‘मला उघडणारंच दाखवा’ हा जेस्टोरचा गाळणा बंद ठेवा. लेख आहे हे आधी कळू द्या, मिळवायचं कसं ते नंतर. एकच लेख दोन ठिकाणी असतो, हेही विसरू नका. कर्व्यांचा लेख ज्यात आला त्या नियतकालिकाचं प्रकाशन केंब्रिजकडून २०२३पासून ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेलं, जुने अंक जेस्टोरवरही आहेत. एका दारावर पैसे मागितले तर दुसरं दार ठोठवा. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवलंत तर लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास कडेला हिरवं कुलूप उघडं दिसतं. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ आहे, तिथे पाच ग्रंथालयांपर्यंत जोडता येतात. तुमचं विद्यापीठ तिथे सापडलं तर जोडून टाका.

नीराकाठ:

इन्फेडचं लॉगिन मिळालं, टोपल्याही चालल्या. आता एकच शंका. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठी विभागांचे वारीवरचे प्रबंध असणार, पण देवनागरीत ‘वारकरी’ टाकलं की मोजकेच येतात. जे आले त्यातला उतारा कॉपी केला तर नुसती चिन्हं उमटतात.

जुनी छपाई यांचं उत्तर:

चिन्हं उमटतात कारण प्रबंध युनिकोडमध्ये टंकलेला नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. पडद्यावर वाचायला ठीक. शोध किंवा कॉपी करायला गेलात की आतलं उघडं पडतं. कुठला फॉन्ट आहे ते पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’खाली दिसतं. नाव कळलं की त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरता येतो, मात्र रफार आणि जोडाक्षरं हातानं तपासावी लागतात. फॉन्टच्या यादीत काहीच नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो. त्याला मराठीचं ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावा.

म्हणजे शोधगंगेत प्रबंधाच्या अंतरंगावर भरवसा ठेवू नका, नोंदीवर ठेवा. नोंद करणाऱ्यानं शीर्षक कधी देवनागरीत घातलेलं असतं, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजी भाषांतर करून. म्हणून तिन्ही वाटांनी शोधा, आणि तरीही शेवटी विद्यापीठ, मग मराठी विभाग असं उतरत जाऊन यादी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं आहे, पण शोधचौकटीत न आलेले प्रबंध इथेच सापडतात. मार्गदर्शकाचं नाव टाकून पाहणं हीसुद्धा चांगली वाट. एका मार्गदर्शकाकडे एकाच विषयाचे तीन-चार प्रबंध झालेले असतात.

शोधगंगेला लॉगिन लागत नाही. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. आधी ‘८०’ आकडा आणि ‘रेकमेंडेशन’ असं नाव असलेली फाइल उघडा. तीत बहुधा मुखपृष्ठ आणि समारोप एकत्र असतात. त्यावरून बाकीचे तुकडे उतरवायचे की नाही ते ठरतं. २००९च्या यूजीसी नियमांनंतर ई-प्रत देणं बंधनकारक झालं. त्याआधीचे बरेच प्रबंध फक्त त्या त्या ग्रंथालयाच्या कपाटात आहेत.

मराठी नियतकालिकांसाठी जेस्टोर, स्कोपस दोन्ही विसरा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साइटवर मोफत आहेत. बाकी जुने अंक ग्रंथालयात जाऊनच बघावे लागतात.

कपाट क्र. ७:

लॉगिन मिळालंय म्हणून सांगतो: एका बैठकीत शेकड्यानं पीडीएफ उतरवू नका, आणि भराभर उतरवणारं एखादं ब्राउझर-जोड तर नकोच. प्रकाशकाचं यंत्र वेग मोजतं आणि शंका आली की एकट्याला नव्हे, सबंध संस्थेला बंद करतं. ऑक्टोबर २०१०मध्ये घाऊक उतरवण्यामुळे जेस्टोरनं एमआयटीचा प्रवेश काही दिवस तोडला होता. अंक चाळायचा असेल तर पडद्यावर चाळा, लागतील तेवढेच लेख उतरवा.

संदर्भ टिपताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलू नका. दूरप्रवेशातून आलेल्या पत्त्यात प्रकाशकाच्या नावातल्या टिंबांच्या जागी कधी कधी जोडरेघा असतात आणि शेवटी तुमच्या विद्यापीठाचं नाव. तो दुवा इतर कोणाकडेही उघडणार नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक टिपा. झोटेरो हे संदर्भ साठवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते डीओआय आपोआप घेतं, फक्त त्याची मोफत जागा ३०० एमबी आहे. स्कॅन केलेले जुने लेख जड असतात, जागा लवकर भरते. सेटिंगमध्ये फाइलींचं सिंक बंद करून फक्त नोंदींचं चालू ठेवा आणि पीडीएफची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.