रत्नागिरीचे ३३ आणि सोलापूरचे ४०

मे महिन्यात रत्नागिरीचा पारा ३३-३४, सोलापूरचा ४० च्या वर, मग कोकणवाल्यांची कुरकुर कसली, असा प्रश्न पडतो. कुरकुर घामाची आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावर तो नुसता निथळतो. दुपारी खारा वारा असतो तोवर बरं. रात्री तो पडला की उशी ओली.

म्हणून कोकणात कूलर घेऊच नका. बाहेरची हवाच दमट, कूलरच्या गवतातलं पाणी फारसं उडत नाही, खोली फक्त कोंदट होते. सोलापुरात तोच कूलर झकास चालतो. मात्र तो खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर तिथेही कोकणच!