कॅडमधला आर्क : "दिसायला जुळला की झालं" हे मला मान्य नाही

लेसरवाला_भोसरी
कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) शिकवणाऱ्या एका सरांची पोस्ट काल फिरत होती. "आर्क (वर्तुळाचा तुकडा) काढायच्या अकरा पद्धती पाठ करत बसू नका. तीन बिंदू टिपा, नाहीतर सरळ स्प्लाइन (बिंदूंमधून जाणारा मुक्त वक्र) ओढा. झूम करून जुळलेलं दिसलं की काम झालं." खाली सगळे 'थँक्यू सर'. डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्याला ते वाकवायचं असतं त्याला विचारा. आमच्याकडे जिन्याच्या रेलिंगचं काम आलं होतं. एसएस पाइप, वळणाला आर, म्हणजे त्रिज्या, ३०० मिमी. ड्रॉइंगमध्ये आर्कचं टोक रेषेच्या टोकाला एंडपॉइंटनं पकडलेलं, पण टॅंजंट नाही, म्हणजे जोडावर दोघांची दिशा जुळत नाही. दीड अंशाचा फरक. स्क्रीनवर दिसायचा प्रश्नच नाही. पण बेंडिंग मशीनला मध्येच कोपरा काढता येत नाही, पाइप वळणातून सरळच बाहेर पडतो. दोन मीटर पुढे गेल्यावर तो खांबापासून ५२ मिलिमीटर बाजूला! पाइप गेला, मजुरी गेली, आणि पार्टी म्हणते ड्रॉइंग तर बरोबर होतं.

स्प्लाइनचं तर नाव काढू नका. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे शेकडो बारीक सरळ तुकडे पडतात. खरा आर्क असला की मशीन जी०२ किंवा जी०३ या गोलाईच्या आज्ञेच्या एका ओळीत कापून मोकळं होतं. तुकडे आले की वेग मोडतो आणि कडेवर बोट फिरवलं तर पैलू लागतात.

फर्निचर_नाशिक
तुमचं दुःख समजलं, पण सगळं जग लेसरवर चालत नाही. माझ्या पीओपी सीलिंगची गोलाई ठेकेदार खिळा ठोकून दोरीनं मारतो. रिसेप्शन काउंटरला सुतार आधी प्लायचा फर्मा कापतो, क्लायंट उभा राहून "थोडं अजून आत घ्या" म्हणतो, आणि तीच फायनल गोलाई. तिथे मी अकरा पद्धती उगाळत बसू?

आणि स्प्लाइनला शिव्या देण्याआधी गाड्यांच्या बॉडीकडे बघा. रेनॉमध्ये बेझिए आणि सिट्रोएनमध्ये द कास्तेल्जो यांनी असल्या मुक्त वक्रांचं गणित उभं केलं ते कंपास अपुरा पडला म्हणूनच ना? रेषा आणि आर्क टॅंजंट असले तरी वक्रता, म्हणजे वळणाचा तीव्रपणा, एकदम बदलते. चकचकीत पत्र्यावर प्रतिबिंब तिथेच मोडतं.

जुना_ड्राफ्ट्समन
गाडीच्या बॉडीचं बोलायचं तर तुमचं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. पण ती मंडळी स्प्लाइन नजरेनं ओढत नाहीत, वक्रतेचा आलेख लावून तपासतात. त्या सरांनी हे सांगितलंय का?

दोन रेषांना टेकणारा आर्क ड्रॉइंग बोर्डावर कसा काढायचो सांगतो. दोन्ही रेषा आर एवढ्या आत सरकवायच्या, त्या जिथे छेदतात तिथे कंपासचं टोक. फिलेट कमांड नेमकं हेच करते. सेंटर आधी, आर्क नंतर. कमानीला सेंटर माहीत नसेल तर रुंदी आणि उंची असतेच. रुंदीचा वर्ग भागिले आठ पट उंची, अधिक निम्मी उंची. १२०० रुंद, १५० उंच : १२०० अधिक ७५, म्हणजे आर १२७५. तिसरा बिंदू अंदाजानं टिपलात तर १२७४.६२ सारखं काहीतरी येतं, आणि डायमेन्शनची प्रिसिजन शून्यावर असल्यामुळे कागदावर १२७५ च छापलं जातं. लिस्ट कमांड मारून बघा, खरा आकडा कळेल.

रस्ते_सर्व्हे
आमच्याकडे सरळ रस्त्यातून एकदम वर्तुळात घुसत नाहीत, मध्ये संक्रमण वक्र (हळूहळू तीव्र होत जाणारं वळण) लागतो. त्यामुळे फर्निचरवाल्यांशी निम्मा सहमत. माझी तक्रार वेगळी आहे. यूटीएम या नकाशाच्या को-ऑर्डिनेट पद्धतीत आपल्याकडचं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, वीस लाख मीटरच्या आसपास असतं. शून्यापासून एवढ्या लांब गोलाई स्क्रीनवर वेडीवाकडी दिसते म्हणून कुणीतरी अख्खं ड्रॉइंग उचलून शून्यावर आणतं, आणि साइटवर आखणी कुठून करायची ते आम्ही शोधत बसतो.

लेसरवाला_भोसरी
बोर्डावर शिकलेला माणूस लगेच ओळखू येतो, दादा. आता खरं दुखणं सांगतो : व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पीडीएफ. "यातूनच कापून द्या." अहो, पीडीएफमध्ये आर्क नावाची वस्तूच नसते! सरळ रेषा आणि बेझिए वक्र, बस. वर्तुळसुद्धा बहुधा चार बेझिए तुकड्यांचं. ते परत कॅडमध्ये आणलं की सेंटर नाही, रेडियस नाही. सगळं नव्याने काढायचं, फुकट.

फर्निचर_नाशिक
फुकट? आणि डीडब्ल्यूजी (कॅडची मूळ फाइल) दिली की काय होतं ते मी सांगते. माझ्या जाळीचं डिझाइन एका फॅब्रिकेटरला दिलं होतं. पुढच्या दिवाळीत तीच जाळी, तेच नक्षीकाम, दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर. जाब विचारला तर म्हणे, असलं डिझाइन सगळीकडेच असतं. म्हणून मी पीडीएफच देते आणि देणार.

लेसरवाला_भोसरी
म्हणजे आम्ही सगळे चोर?

फर्निचर_नाशिक
सगळे नाहीत. पण कोण आहे हे मला आधी कळत नाही. आणि त्या चार तुकड्यांचा बाऊ करू नका. खऱ्या वर्तुळाशी फरक त्रिज्येच्या ०.०२७ टक्के. एक मीटर आरला पाव मिलिमीटरच्या जरा वर. प्लायच्या कामात तेवढं पॉलिश पेपरमध्येच जातं.

लेसरवाला_भोसरी
१०० मिमीच्या बेअरिंग बोअरला (बेअरिंग बसायचं भोक) तोच फरक व्यासात २७ मायक्रॉन होतो. एच७ या मापाच्या दर्जाची सगळी मुभा ३५ मायक्रॉन. मग?

जुना_ड्राफ्ट्समन
बोअर कुणी फाइलवरून काढत नाही हो, लेथवाला आकडा वाचतो. हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. पीडीएफचा खरा तोटा मायक्रॉनचा नाही. सेंटर कुठे आणि आर किती, हे ज्यानं काढलं त्याला माहीत असतं आणि फाइलमधून ते पुसलं जातं. ताई, चोरीची भीती रास्त आहे. पण जाळीचं अख्खं एलेव्हेशन (समोरून दिसणारं पूर्ण ड्रॉइंग) द्यायची गरज नाही. कापायचा तेवढा पार्ट डीएक्सएफमध्ये (कॅड फाइलचाच देवाणघेवाणीचा प्रकार) द्या, बाकी तुमच्याकडे ठेवा.

फर्निचर_नाशिक
जाळीत पार्ट म्हणजेच डिझाइन असतं. तिथे तुमचा उपाय लागू पडत नाही. ब्रॅकेट, फ्लॅंज, रेलिंगचे बेंड एवढ्यापुरतं मान्य करते. टॅंजंटचं म्हणाल तर रेलिंगला मीही फिलेटच वापरते, नजरेनं जुळवत नाही. त्या सरांची बाजू मी घेतलीच नव्हती.

लेसरवाला_भोसरी
मग पहिल्या उत्तरात एवढं तरी लिहायचं होतं! बोअरचं उदाहरण मागे घेतो, रेलिंगचं नाही. जाळीची पीडीएफ पाठवलीत तर रिड्रॉचे पैसे वेगळे लावणार, आणि ते कोटेशनमध्येच लिहिणार.

फर्निचर_नाशिक
लिहा. त्या कोटेशनवर डिझाइन दुसरीकडे वापरणार नाही असंही लिहून सही करा. मग डीएक्सएफ देते.

लेसरवाला_भोसरी
करतो सही. फाइल मिलिमीटरमध्ये आणि एकास एक द्या.