मदत हवी आहे: जॅग्वार ई-टाइप घ्यावी की कॉर्व्हेट स्टिंग रे?

मंडळी, मुक्काम न्यू जर्सी. मुलांची कॉलेजं आटोपली, त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारला घरातून एकदाची परवानगी मिळाली आहे. एकाच, हे बजावून.

गाडं अडलंय दोन कूपेंवर (पक्क्या छताच्या दोन दारांच्या गाड्या): १९६५-६७ मधली ई-टाइप ४.२ आणि १९६५ची स्टिंग रे. मागची काच दुभंगलेली ६३ची कॉर्व्हेट सगळ्यांनाच हवी, त्यामुळे भाव परवडत नाही. शिवाय तिला चारही ड्रम ब्रेक. डिस्क आल्या ६५ला. ई-टाइपला त्या १९६१पासून आहेत, पण ३.८ लिटरवालीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खडखड न होता बसवणारी यंत्रणा) नाही, म्हणून ती बाद.

देखणेपणात ई-टाइपच, वादच नको. पण तिचा मधला भाग मोनोकॉक, म्हणजे पत्रा हाच सांगाडा. दाराखालचे पत्रे सडले की खर्चाला अंत नाही, आणि इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, तिचं ३२७ घन इंचांचं व्ही-८ इंजिन बहुतेक मेकॅनिकांच्या हाताखालचं. गंज तिलाही लागतो, चेसिसला आणि काचेभोवतीच्या पोलादी सांगाड्याला. फक्त तो झाकलेला राहतो.

खरी पंचाईत कागदांची. ई-टाइपचा मूळ इंजिन नंबर, रंग, बनल्याची तारीख जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून लिहून मिळते. ६५च्या कॉर्व्हेटला तशी सोय नाही. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर दाखवून विक्रेते 'मॅचिंग नंबर्स'चे, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं असल्याचे, जादा पैसे मागतात, आणि तो नंबर घासून नवा ठोकणारे महाभागही आहेत. हे ओळखायचं कसं? कुणी स्वतः तपासलंय का?

प्रतिसाद:
आकडे नंतर वाचा, आधी ते ज्यावर ठोकलेत तो पृष्ठभाग बघा. कारखान्यातल्या ब्रोचिंगमुळे (दातेरी अवजाराने पृष्ठभाग सपाट करण्यामुळे) तिथे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा असतात. त्या नसतील तर संशय घ्या, लगेच चोर ठरवू नका. इंजिन उघडून ब्लॉक घासला असेल तरी त्या जातात. मग ब्लॉकची ओतकामाची तारीख बघा. ती ट्रिम टॅगवरच्या (बॉडीची माहिती ठोकलेल्या धातूच्या पट्टीवरच्या) बॉडीच्या तारखेच्या बरीच नंतरची निघाली तर ब्लॉक बहुधा दुसऱ्या गाडीचा. ई-टाइपच्या कागदावरही फार विसंबू नका, पत्रा मूळचा आहे की नाही हे त्यात नसतं. दोन्ही गाड्या लिफ्टवर चढवून खालून बघा. विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि ६५च्या टॅगचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.